लाल हुकूम, निळा अंमल

शेडमध्ये सगळे त्याला 'लॅपटॉप' म्हणत. यात कौतुक अजिबात नव्हतं. बाकीचे लोक गाडीखाली झोपून, कोपरापर्यंत ग्रीसमध्ये हात घालून कामं करत, आणि हा गाडीला एक वायर जोडून शेजारी स्टुलावर बसून राही. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गाडीला सलाइन लावलंय आणि हा जवळचा नातेवाईक म्हणून थांबलाय.

शेड भाऊजींची. भाऊजी म्हणजे त्याच्या ताईचे यजमान. लॅपटॉप राहायलाही त्यांच्याकडेच होता, शेडच्या वरच्या मजल्यावर, पूर्वी जिथे टायर ठेवत त्या खोलीत. पाहुण्यांना घर दाखवताना भाऊजी या खोलीच्या दाराशी थांबून सांगत, "टायरांची सोय आम्ही दुसरीकडे केली." आवाजात टायरांबद्दल हळहळ असे.

शेडमध्ये घाटाच्या शर्यतीच्या गाड्या तयार होत. या शर्यतीत एका वेळी एकच गाडी घाट चढते, आणि सगळ्यांत कमी वेळात वर पोचते ती जिंकते. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, भांडण फक्त घड्याळाशी. भाऊजींना हा प्रकार मानवायचा, कारण घड्याळ सोडलं तर बाकी सगळ्यांशी त्यांची भांडणं आधीच झालेली होती.

त्यांची गाडी म्हणजे पांढरी. आता पांढरी मुळात ताईची. लग्नाआधी ताईच ती चालवायची, आणि चालवायची म्हणजे काय, तिची गाडी वळणात शिरली की बघणारे लोक बोलणं अर्धवट सोडत. मग एका हंगामात ताईचं मनगट मोडलं. प्लास्टर असेपर्यंत म्हणून भाऊजी सीटवर बसले. प्लास्टर निघालं. भाऊजी निघाले नाहीत. पुढे त्यांनी आपल्या पायांच्या लांबीप्रमाणे सीट मागे नेऊन वेल्डिंगच करून टाकलं, म्हणजे विषय मिटला. ताई काचेच्या केबिनमध्ये बसू लागली. पार्ट मागवायचे, फोन घ्यायचे, बिलं करायची. "काय गं, तू नाही चालवत आता?" असं जुन्या ओळखीचं कुणी विचारलंच तर ती म्हणे, "असू दे." ताईचं हे 'असू दे' लॅपटॉपने इतक्यांदा ऐकलं होतं की पंख्याच्या आवाजासारखं ते त्याच्या कानाला लागेनासंच झालं होतं.

यंदा पांढरीचा कंपनीचा कॉम्प्युटर काढून बाहेरचा बसवला. शेडमधले जुने मिस्त्री त्याला 'डबा' म्हणत. विजेवर चालणारी कुठलीही वस्तू मिस्त्रींच्या लेखी डबाच होती. कानात घालायचं मशीनसुद्धा ते "माझा डबा कुठाय?" असं म्हणून शोधत, आणि ते सापडेपर्यंत कुणाचं उत्तर त्यांना ऐकू येत नसे.

डब्याचं मुख्य काम कॅम सांभाळायचं. इंजिनाला श्वास घ्यायला झडपा असतात. त्या कधी उघडायच्या आणि कधी मिटायच्या हे कॅम नावाचा दांडा ठरवतो. साध्या इंजिनात ही वेळ एकदा ठरली की ठरली. पांढरीच्या इंजिनात मात्र कॅम चालता चालता पुढे-मागे फिरवता येई, तेलाच्या दाबाने. तेलाला एक छोटा विजेचा नळ, त्याला म्हणायचं सोलेनॉइड, आणि त्या नळावर डब्याचा हात. इंजिनाचा वेग किती, पाय किती दाबलाय, त्यानुसार कॅम किती डिग्री पुढे न्यायचा, याचं कोष्टक लॅपटॉप भरत बसे. पडद्यावर दोन रेघा धावत. लाल म्हणजे डब्याने दिलेला हुकूम. निळी म्हणजे कॅमने प्रत्यक्षात केलेला अंमल. लाल आधी वर जाई, निळी किंचित उशिरा तिच्यामागे. तेलच ते, त्याला पोचायला वेळ लागतो. दोन रेघा एकमेकींना चिकटून धावू लागल्या की लॅपटॉपला इतकं समाधान वाटे, की ते कुणाला सांगायची सोय नसे.

एक गोष्ट मात्र त्यांनी तिघांनी मिळून केली होती. कॅमच्या फिरण्याला आत एक लोखंडी अडसर असतो, ठरावीक हद्दीपलीकडे तो जाऊच नये म्हणून. भाऊजींना हद्द जास्त हवी होती. लॅपटॉप म्हणाला, अडसर घासून टाका, हद्द मी डब्यात घालतो, पस्तीस डिग्रीच्या पुढे हुकूमच जाणार नाही. मिस्त्रींनी आनंदाने घासला, त्यांना काहीही घासायला चालायचं. पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून मोजमाप घेतलं. चाळीस डिग्रीच्या आसपास झडप आणि पिस्टन एकाच वेळी एकाच जागी येत होते. एका न्हाणीघरात दोघं शिरावेत तसं, पण इथे दोघंही मिनिटाला हजारो वेळा शिरणारे आणि दोघंही लोखंडाचे. तसं झालं तर इंजिन जागच्या जागी आवळून बसतं आणि त्याबरोबर चाकंही. सपाटीवर हे महागात पडतं. घाटात, वळणावर, ते कशात पडतं ते बोलायची गरज नव्हती.

"पण पस्तीसच्या पुढे जाणारच नाही ना?" भाऊजींनी विचारलं होतं.

"हुकमाशिवाय कसा जाईल?" लॅपटॉप म्हणाला होता.

पहिल्यांदा झालं ते एका साध्या सकाळी. पांढरी रोलरवर बांधलेली होती, म्हणजे चाकं फिरतील पण गाडी जागा सोडणार नाही. इंजिन मंद चालत होतं. ताई केबिनमध्ये फोनवर कुणाशी तरी क्लचप्लेटवरून हुज्जत घालत होती. भाऊजी शटरखालून वाकून आत आले, त्यांनी किल्ल्या बाकावर टाकल्या, आणि निळी रेघ तीन डिग्री वर गेली.

लाल सपाट होती.

लॅपटॉपने वाकून बघितलं. निळी तिथेच थांबली होती. भाऊजींनी पाणी प्यायलं, बाटलीचं झाकण उघडंच ठेवलं, केबिनकडे बघून दोनदा चुटकी वाजवली, म्हणजे चहा. रेघ चारवर गेली. भाऊजी वर घरात गेले. रेघ सावकाश शून्यावर आली.

"तेलात हवा असेल," लॅपटॉप स्वतःशी म्हणाला. इंजिनातलं काहीही कळलं नाही की मेकॅनिकांची जमात आधी तेलावर संशय घेते.

त्याने तेल बदललं. मग कॅमचा सेन्सर बदलला. सेन्सरची वायर सायलेन्सरच्या जवळून जात होती, ती लांबून फिरवली. भाऊजी आले, निळी पाचवर गेली. त्याने पुढचं कव्हर काढून मिस्त्रींना टायमिंग लाइट धरायला लावला. लुकलुकणाऱ्या त्या प्रकाशात फिरतं चाक थांबल्यासारखं दिसतं आणि त्यावरची खूण कुठे आहे ते डोळ्यांनी बघता येतं. दोघं खुणेकडे डोळे लावून बसले. शटर वाजलं. खूण सरकली.

"हलतोय," मिस्त्री म्हणाले.

"मी हुकूम दिलेला नाही."

"तुझं ऐकतं कोण इथे?" मिस्त्री म्हणाले आणि लाइट त्याच्या मांडीवर ठेवून निघून गेले.

शेवटी त्याने सोलेनॉइडची वायरच उपटली. आता नळावर कुणाचाच हात नव्हता. डब्याने कितीही बोंब मारली तरी कॅमपर्यंत ती पोचायला रस्ता नव्हता. तो वायरचं टोक हातात धरून बसला. भाऊजी एका गिऱ्हाइकाला घेऊन आत आले.

"हा आमचा साला," भाऊजी ओळख करून देत म्हणाले. "शिकलाय भरपूर, म्हणून काही येत नाही. बहिणीकडे पडून असतो. आणि ती आमची बायको, काचेत. काचेत ठेवलीय, कारण बाहेर काढलं की आपटते." स्वतःचं मनगट हलवून दाखवत ते हसले. गिऱ्हाईकही हसलं, गिऱ्हाइकाला हसावंच लागतं.

निळी रेघ अकरावर गेली.

लॅपटॉपच्या हातात वायर होती. त्याचे कान तापले होते, आणि का तापले होते हे त्याला ठाऊक होतं. त्या क्षणी त्याला भाऊजींच्या तोंडात ती वायर कोंबावीशी वाटली होती. मनात हे आलं आणि पडद्यावर अकरा दिसले, दोन्ही एकाच वेळी.

तो माणूस तर्काचा होता. म्हणून त्याने तर्कच केला, आणि तर्काने त्याला जिथे नेऊन सोडलं तिथे कुणीही शहाणा माणूस गेला नसता. कोष्टकातला एकेक आकडा त्याने भरला होता. इतके महिने या इंजिनाच्या कानाशी तोच बसलेला. इंजिनाने त्याचं ऐकायची सवय लावून घेतली होती, आणि आता त्याने बोटांनी न लिहिलेलंही ते ऐकत होतं. भाऊजी दिसले की त्याचं डोकं फिरे. डोकं फिरलं की कॅम फिरे.

त्याने प्रयोग केले. शाळेतल्या मारकुट्या मास्तरांना आठवून बघितलं, रेघ सपाट. भाऊजी घरी झोपले असताना त्यांना आठवून दात-ओठ खाल्ले, रेघ सपाट. भाऊजी समोर हवेत, असं त्याने मनाशी नोंदवलं. एकदा भाऊजींनी चक्क त्याची स्तुती केली. "बरं चाललंय की रे इंजिन," म्हणाले आणि केबिनकडे वळून, "तुझ्या वेळी असं कधी चाललं नव्हतं, काय गं?" निळी सतरावर गेली. लॅपटॉपला त्या वेळी खरं म्हणजे बरं वाटलं होतं. पण स्तुतीने माणूस जास्तच दुखावत असेल, आतल्या आत, असं म्हणून त्याने तो आकडा आपल्या हिशेबात बसवला. बसत नव्हता, पण बसवला.

गंमत तिथवरच होती. कारण शर्यत जवळ आली होती, आणि पांढरीत भाऊजी बसणार होते. जो माणूस शेडमध्ये एक वाक्य बोलला तरी कॅम सतरा डिग्री जातो, तो माणूस सीटवर बसून, गाडी जोरात असताना, वर आणखी काही बोलला तर? लाल पस्तीसला थांबेल. निळीला थांबवायला आत लोखंड नव्हतं. ते यांनीच घासलं होतं.

भाऊजींचं काय व्हायचं ते होवो, असं लॅपटॉपला क्षणभर वाटूनही गेलं. पण ताईचं काय? तिच्या वाट्याला आधीच काचेची केबिन आली होती. त्यात आता नवरा दरीत, आणि तोही भावाच्या रागापायी.

त्याने डब्यात अट घातली: निळी पस्तीसच्या पुढे गेली की इंजिन बंद. भाऊजींनी रोलरवर गाडी पळवून बघितली. ताई केबिनच्या दारात बिलांचा गठ्ठा घेऊन उभी होती. इंजिन तीनदा बंद पडलं. चौथ्यांदा भाऊजी खाली उतरले.

"घाटात मध्येच इंजिन मेलं तर मी काय खाली उतरून ढकलू? काढ ती अट."

"भाऊजी, कॅम आपोआप फिरतो. तुम्हाला बघून फिरतो."

"मला बघून?"

"तुम्ही आलात की पुढे सरकतो."

"मग उठून उभा राहत असेल मानाने. इंजिनाला कळतं, तुला कधी कळणार?"

"मी मस्करी करत नाहीये. कॅम बोल्ट लावून जागच्या जागी बांधून टाकू. थोडी ताकद कमी होईल, पण..."

"थोडी ताकद," भाऊजी शांतपणे म्हणाले. ते शांत झाले की शेडमधली माणसं हातातलं काम खाली ठेवत. "माझी ताकद कमी करायला तुला ठेवलाय का मी? अट काढ, नाहीतर खोली रिकामी कर. टायर परत आणतो. टायर निदान तोंड वर करून बोलत नाहीत."

त्याने अट काढली. नसती काढली तर मिस्त्रींनी डबाच काढून जुना कॉम्प्युटर लावला असता, आणि मग पडद्यावर दिसलंही नसतं काही.

दुपारी तो केबिनमध्ये गेला. ताई पार्सलवर चिकटपट्टी लावत होती.

"ताई, एक विचारू? हसू नकोस."

"हसायला वेळ कुठाय?"

"पांढरी भाऊजींवर डूख धरून आहे. म्हणजे, मी धरलाय. माझा राग तिच्यात उतरतो. खरंच सांगतोय, मी मोजलाय."

ताईने चिकटपट्टी दाताने तोडली. "तुझा राग?"

"हो."

"अरे, तुला लहानपणी कुत्रा चावला, तेव्हा दवाखान्यात 'त्याला लागलं नाही ना' म्हणून विचारत होतास. तुला राग येतो रे, पण तो तुझ्याच्याने टिकत नाही. राग सांभाळायला चिकाटी लागते." तिने पार्सल उलटं केलं आणि दुसऱ्या बाजूला पट्टी लावली, चारही कडा नखाने दाबून, एकही सुरकुती न ठेवता. "जेवलास का?"

"ताई, त्यांच्या जिवावर बेतेल."

"असू दे," ताई म्हणाली. "होईल सगळं नीट. जेवून घे आधी."

मग लॅपटॉपला एकच उपाय उरला. भाऊजी आवडायला लागले पाहिजेत. हे त्याने इंजिनाचंच काम समजून हाती घेतलं. कोष्टक मांडावं तसे तो मनात भाऊजींचे गुण मांडू लागला. भाऊजी टूथपेस्टचं झाकण लावतात. हा एक गुण सापडायला त्याला बराच वेळ लागला. भाऊजी शिट्टी सुरात वाजवतात. भाऊजींचे कान लहान आणि नीटनेटके आहेत. भाऊजी कुणाच्या पाठीमागे वाईट बोलत नाहीत, तोंडावरच बोलतात. जेवताना तो त्यांच्याकडे इतक्या प्रेमाने बघू लागला की भाऊजींनी ताईला विचारलं, "याला ताप आहे का?"

शर्यतीच्या आदल्या दिवशी शेवटची चाचणी होती. ताई स्पर्धेच्या ऑफिसात गाडीची कागदपत्रं द्यायला गेली होती, त्यामुळे फोन वाजत राहिले आणि कुणी उचलले नाहीत. भाऊजी हेल्मेट घालून सीटवर बसले. लॅपटॉपने श्वास धरला.

निळी लालला चिकटून होती.

भाऊजींनी गाडी रोलरवर पळवली. शेडचे पत्रे थरथरले. निळी लालच्या मागोमाग, सरळमार्गी, आज्ञाधारक, आणि लाल थांबली की निळी थांबली. भाऊजींनी काच खाली करून विचारलं, "काय रे, तुझं भूत आज रजेवर आहे का?" निळी हलली नाही. "तुझ्यासारखा साला शत्रूलाही मिळू नये!" निळी हलली नाही. लॅपटॉपने आत डोकावून बघितलं आणि खरोखर, आत राग नव्हता. भाऊजींचे लहान नीटनेटके कान हेल्मेटमध्ये दाबले गेले असतील, याची काळजी तेवढी होती.

त्याला रडू फुटायचं बाकी होतं. त्याने जाऊन खिडकीतून भाऊजींना मिठी मारायचा प्रयत्न केला.

"लांब हो," भाऊजी म्हणाले. "माझ्या कपड्यांना तुझे हात लागतील."

शर्यतीच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. घाटाच्या पायथ्याशी गाड्यांची रांग, तापलेल्या रबराचा वास, लाउडस्पीकरवर एका माणसाचा चिरका आवाज. लॅपटॉपने रस्त्याकडेला घडीचं टेबल लावलं. पांढरीतून माहिती हवेतून खाली येत होती. ती खाली यायची तेवढीच, वर काही पाठवता येत नसे. गाडीशी बोलायचं ते रेडिओवर, आणि रेडिओ ताईकडे. चढताना लॅपटॉपचा आवाज कानात नको, असं भाऊजींनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं.

ताईने खिडकीशी वाकून भाऊजींचे पट्टे आवळले. एकेक पट्टा ओढून बघितला. हे काम तिच्याइतकं चांगलं कुणालाच जमत नसे.

"आणि हो," भाऊजी हातमोजे चढवत म्हणाले, "पांढरी दिली मी. त्या परवाच्या गिऱ्हाइकाला. तो वरच थांबलाय, उतरलो की ताबा घेईल. तुला सांगायचं राहूनच गेलं."

ताईचा हात शेवटच्या पट्ट्यावर होता. तो तिथेच राहिला, मग तिने पट्टा ओढून घट्ट केला.

"असू दे," ती म्हणाली.

झेंडा पडला. पांढरी गेली.

पहिलं वळण. लाल वर, निळी तिच्यामागे. दुसरं वळण. लॅपटॉप भाऊजींचे गुण मनात घोळवत होता, टूथपेस्ट, शिट्टी, कान. तिसऱ्या वळणाला गाडी डोंगराआड गेली आणि नुसता आवाज उरला. रेघा एकमेकींना धरून होत्या. ताई त्याच्या मागे येऊन उभी राहिली, रेडिओ छातीशी धरून.

चौथ्या वळणाच्या आधी निळी लालपासून सुटली.

पंधरा. अठरा.

लॅपटॉप आपल्या मनात राग शोधायला गेला, घाईने खिसे चाचपावेत तसा. तिथे काहीच नव्हतं. त्याने पुन्हा शोधला. भीती होती, तहान होती. राग नव्हता, चिमूटभरसुद्धा.

चोवीस.

"ताई, त्यांना थांबायला सांग."

"का रे?"

"सांग ना! पाय काढा म्हणावं, गाडी बाजूला घ्या."

ताईने रेडिओ तोंडाशी नेला. बटण दाबलं. वर डोंगराकडे बघत होती. कपाळावर आठी नव्हती. झोपलेल्या माणसाचा असावा तसा चेहरा.

"रस्ता मोकळा आहे," ती रेडिओत म्हणाली. "छान चाललंय. पाय काढू नका."

एकतीस.

त्याने रेडिओसाठी हात पुढे केला. ताईने तो अलगद दुसऱ्या हातात घेतला आणि उंच धरला, लहानपणी त्याचं खेळणं धरायची तसा.

पस्तीस.

लाल रेघ पस्तीसला जाऊन थांबली, त्याने शिकवल्याप्रमाणे.

निळी थांबली नाही.

मागे उभी ताई ओरडली नाही, तिचा श्वाससुद्धा वाढला नाही. इतकं शांत तर त्याला स्वतःला कधीच होता आलं नसतं.

अडतीस. चाळीस.

वरचा आवाज तुटला. हळू झाला नाही, तुटला. मग एक लांबलचक खरखर, मग तीही नाही. लाउडस्पीकरवरचा माणूस वाक्याच्या मध्येच गप्प झाला. कुणीतरी शिट्टी फुंकली, मग बऱ्याच शिट्ट्या. मिस्त्री हातातला पाना टाकून चढावाकडे धावत सुटले. रुग्णवाहिका रांगेतल्या गाड्या चुकवत वर गेली.

पडद्यावर इंजिनाचा वेग शून्य होता. लाल रेघ पुसली गेली होती. इंजिन थांबलं की कॅमही थांबतो, आणि थांबलेल्या कॅमचा आकडा सेन्सर देऊच शकत नाही. हे लॅपटॉपला पक्कं माहीत होतं.

निळी रेघ चाळीसवरून खाली येत होती. सावकाश, न अडखळता. ती शून्यावर टेकली तेव्हा त्याच्या मानेवर ताईचा श्वास सुटलेला त्याला जाणवला.

ती वाकली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून तिने पडदा बघितला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"ही निळी रेघ कसली रे?" तिने मायेने विचारलं. "काय कळतं तुला हिच्यावरून?"

"काही नाही," तो म्हणाला.

निळी रेघ एक डिग्री वर गेली.